पीळ उकलणारे कडे : बडोद्यात छापलेल्या एका हेलिकेज-संचाविषयी

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत थ्रीडी प्रिंटिंगची एक लहान कार्यशाळा आहे. यंत्रांचे सुटे भाग छापून देणे हा तिचा मुख्य धंदा. परंतु गेली दोन वर्षे तेथे शाळा-महाविद्यालयांसाठी रेणूंची प्रतिरूपेही मिळू लागली आहेत. दर्शनी कपाटात रायबोसोमचे, म्हणजे पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रेणूचे, एक मोठे, दोन रंगांचे प्रतिरूप मांडलेले असते. १९७१ मध्ये येथील विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ मध्ये ज्या रेणूच्या रचनेवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्या रेणूला बडोद्यात गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही, असे मालकांचे म्हणणे. मी मात्र त्यांच्या यादीत बरीच खाली असलेल्या एका वस्तूसाठी गेले होते. ‘विषाणूंचे हेलिकेज, हलणारे, दोन कड्यांसह’ एवढेच तिचे वर्णन होते (हेलिकेज म्हणजे डीएनएचे दोन पदर एकमेकांपासून सोडवणारे प्रथिन) आणि किंमत ३,८०० रुपये होती. हा संच मी चार महिने वापरला आहे, आणि तो घ्यावा की नाही असे मला तीन-चार शिक्षकांनी विचारल्यामुळे हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

निवृत्तीपूर्वी मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे, आणि आता दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर बी.एस्सी.ची पाच-सहा मुले आठवड्यातून तीनदा येतात. ‘हेलिकेज दुपदरी डीएनए उलगडते’ हे वाक्य ती झोपेतही म्हणतील. पण उलगडते म्हणजे नेमके काय करते, असे विचारले की एकजण दप्तराची चेन उघडून दाखवतो आणि दुसरी बोटांची कात्री करते. पाठ्यपुस्तकांत दोन पदरांच्या बेचक्यात जो रंगीत त्रिकोण काढलेला असतो, त्याने या समजुती वर्षानुवर्षे पोसल्या आहेत. चेनचा सरकता तुकडा दोन्ही बाजू एकदम धरतो आणि मधे पाचर मारतो. कात्री तर धागाच तोडते. या संचात ज्या दोन विषाणूंची हेलिकेजे दिली आहेत, ती यातले काहीही करत नाहीत. सहा सारख्या घटकांचे एक कडे होते, डीएनएचा एकच पदर त्या कड्यातून ओवला जातो, आणि एटीपीसारख्या रेणूंतली ऊर्जा खर्चून ते कडे त्या एका पदरावरून पुढे चालत जाते. दुसऱ्या पदराला कड्यात जागा नसते. तो बाहेर राहतो आणि कडे जसजसे पुढे सरकते तसतसा आपल्या जोडीदारापासून सुटत जातो. प्रतिरूप हाताळून झाल्यावर मुलांच्या मनातली चेन आणि कात्री गेली की नाही, एवढ्याच कसोटीवर मी हा संच पाहिला आहे. रंग सुरेख आहेत की नाहीत, हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. (सुरेख आहेत.)

संच एका लाकडी पाटावर बसवलेला आहे. निळा आणि नारिंगी असे डीएनएचे दोन पदर लवचीक साखळीसारखे छापलेले असून प्रत्येक कडीच्या पोटात छोटे लोहचुंबक आहे, त्यामुळे समोरासमोरच्या कड्या एकमेकींना धरून राहतात. जोड्या ४२ आहेत. डीएनएच्या एका वेढ्यात साधारण साडेदहा जोड्या असतात, म्हणजे या तुकड्यात बरोबर चार वेढे पडतात. हा आकडा कोणीतरी विचार करून ठरवला आहे, हे पाहून मला पहिल्याच दिवशी बरे वाटले. पीळ उजवा आहे, नेहमीच्या बोल्टच्या आट्यांसारखा. हे मुद्दाम नोंदवते, कारण संगणकातली आकृती आरशासारखी उलटली गेल्यामुळे डाव्या पिळाचे झालेले डीएनए मी एकाहून अधिक प्रदर्शनांत अभिमानाने मांडलेले पाहिले आहे. पाटाच्या एका टोकाला दुपदरी भाग चिमट्यात घट्ट धरलेला आहे, तर दुसऱ्या टोकाला दोन्ही पदरांच्या सहा-सहा कड्यांच्या सुट्या शेपट्या दोन खुंट्यांना अडकवलेल्या आहेत. या शेपट्या शोभेच्या नाहीत. टी-७ या जीवाणुभक्षक विषाणूचे हेलिकेज प्रयोगशाळेत नीट चालवायचे असेल, तर कडे बसण्यासाठी एका पदराची सुटी शेपटी लागते आणि बाहेर ठेवायच्या पदराचीही सुटी शेपटी लागते.

संचातले पिवळे कडे पॅपिलोमाविषाणूच्या ई-१ या प्रथिनाचे आहे, आणि माझ्या मते ३,८०० रुपयांपैकी तीन हजार तरी या एका कड्याचे आहेत. एरिक एनेमार्क आणि लीमोर जोशुआ-टोर यांनी २००६ मध्ये गुरांच्या पॅपिलोमाविषाणूच्या ई-१ ची जी स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तिच्यावरून ते घडवले आहे. प्रोटीन डेटा बँकेत ती रचना २जीएक्सए या क्रमांकाखाली कोणालाही फुकट पाहता येते. त्या रचनेत कड्याच्या सहा घटकांपैकी प्रत्येकाचे एक आकड्यासारखे बोट मधल्या छिद्रात डोकावते आणि एकपदरी डीएनएच्या फॉस्फेटच्या कण्याला धरते. ही सहा बोटे एका पातळीवर नसतात. ती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात, आणि कोणते बोट कोणत्या पायरीवर आहे हे त्या घटकाजवळ एटीपी आहे, ते खर्चून उरलेले एडीपी आहे की काहीच नाही यावरून ठरते. एटीपी धरलेल्या घटकाचे बोट वर असते; एटीपीचे विघटन झाले की ते आपण धरलेल्या न्यूक्लिओटाइडला, म्हणजे पदराच्या एका कडीला, सोबत घेऊन खाली येते; सर्वांत खाली आल्यावर एडीपी सुटते, बोट पदर सोडते, आणि नवा एटीपी मिळाला की पुन्हा सर्वांत वर जाऊन पुढचे न्यूक्लिओटाइड पकडते. एका एटीपीमागे एक न्यूक्लिओटाइड, असा हा सरळ हिशेब आहे.

कार्यशाळेने हे सगळे एका कॅममध्ये, म्हणजे फिरताना बोटांना वर-खाली ढकलणाऱ्या चकतीत, बसवले आहे. कड्याच्या बाहेरच्या गळपट्टीला एक छोटी मूठ आहे. ती फिरवली की आतली सहा बोटे ओळीने खाली येतात आणि ओळीनेच वर जातात, अगदी रहाटाच्या गाडग्यांसारखी. मूठ एकदा पूर्ण फिरली की सहा कड्या कड्यातून ओढल्या जातात, म्हणून ४२ जोड्या सुटायला सात फेरे लागतात. मी माडीवरच्या मुलांना आधी काहीही न सांगता मूठ हातात दिली. तिसऱ्या फेऱ्याला त्यांच्यातल्या एकीने विचारले, “मॅडम, म्हणजे हे दोन पदरांच्या मधे शिरतच नाही? नुसते एकाला ओढत बसते?” गेली अनेक वर्षे फळ्यावर आकृत्या काढून मी हेच विचारले जाण्याची वाट पाहत होते. एखादी जोडी नेमकी केव्हा तुटते, ती कड्याच्या रेट्याने तुटते की आपोआप क्षणभर उघडल्यावर कडे ती संधी साधते, हा त्यापुढचा प्रश्न आहे. पण तो विचारण्यासाठी कडे एकाच पदरावर चालते हे आधी पटावे लागते, आणि ते पटवण्याचे काम हे पिवळे कडे चोख करते.

हिरव्या कड्याविषयी असे म्हणता येत नाही. हे टी-७ च्या जीपी-४ प्रथिनाचे कडे आहे. त्याच्यात हेलिकेज आणि प्रायमर, म्हणजे नवा पदर लिहायला सुरुवात करून देणारा छोटा तुकडा, तयार करणारे प्रायमेज अशी दोन्ही कामे एकाच साखळीत गुंफलेली आहेत. कार्यशाळेने प्रायमेजचा भाग मागच्या बाजूला टोपीसारखा बसवला आहे आणि चालणारा भाग बेचक्याकडे ठेवला आहे. हे बरोबर आहे, कारण कड्यातून बाहेर पडणाऱ्या पदरावरच प्रायमेजला चार न्यूक्लिओटाइडांचे लहानसे आरएनए प्रायमर लिहायचे असतात. दोष आतल्या यंत्रणेत आहे. खर्च वाचवण्यासाठी दोन्ही कड्यांत एकच कॅम वापरलेला असल्यामुळे हिरवे कडेही एका पायरीला एकच कडी ओढते आणि पिवळ्यासारखेच सपाट बसते. २०१९ मध्ये यांग गाओ, वेई यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टी-७ च्या या यंत्रणेची जी चित्रे मिळवली, त्यांत जीपी-४ चे चालणारे घटक सपाट वलयात नसून डीएनएभोवती मळसूत्रासारखे चढत गेलेले दिसतात, आणि सर्वांत मागचा घटक पदर सोडून सर्वांत पुढे जाऊन बसतो. विहिरीतून पोहरा ओढताना आपण मागचा हात सोडून पुढे टाकतो, तसे. शिवाय प्रत्येक पावलाला दोन न्यूक्लिओटाइडे पुढे सरकतात. म्हणजे ई-१ मध्ये बोटे हलतात आणि जीपी-४ मध्ये घटकच्या घटक जागा बदलतो. दोन वेगळ्या विषाणूंनी एकच काम दोन वेगळ्या चालींनी साधले आहे, हा दोन कडी देण्यातला खरा फायदा होता आणि तोच हातचा गेला आहे.

हे मी मालकांना समजावू लागले तेव्हा त्यांनी मला अर्ध्यावर थांबवले. टेबलाच्या खणातून त्यांनी एक स्प्रिंग वॉशर काढला, चिरलेला आणि एक टोक किंचित वर उचललेला, आणि विचारले, “बेन, असेच ना?” असेच. प्रथिनांविषयी काही न वाचलेल्या माणसाने मकरपुऱ्यातल्या खणातून काढलेली ती वस्तू त्यांच्या माहितीपुस्तिकेतल्या सर्व आकृत्यांपेक्षा अधिक अचूक होती.

दिशेच्या बाबतीत पहिल्या खेपेला मोठी चूक झाली होती. डीएनएचे दोन पदर परस्परविरुद्ध दिशांनी धावतात आणि हेलिकेज ज्या पदरावर चालते त्याच्यावर त्याला एकच दिशा ठाऊक असते. पदराच्या दोन टोकांना पाच प्राइम आणि तीन प्राइम म्हणतात; जीपी-४ पाच प्राइम टोकाकडून तीन प्राइमकडे जाते, तर ई-१ तीन प्राइमकडून पाच प्राइमकडे. म्हणून बेचके एकाच बाजूला सरकवायचे असले तरी ही दोन कडी वेगवेगळ्या पदरांवर बसतात. डीएनएची प्रत काढताना प्रत्येक जुना पदर नव्याचा साचा होतो. ज्याच्यासमोर नवा पदर सलग लिहिला जातो त्या साच्यावर ई-१, आणि ज्याच्यासमोर तो तुकड्या-तुकड्यांनी लिहिला जातो त्या साच्यावर जीपी-४. जीपी-४ ला प्रायमेज चिकटलेले असण्याचे कारणही येथेच उलगडते, कारण प्रायमर वारंवार लागतात ते याच साच्यावर. माझ्या संचात मात्र निळ्या आणि नारिंगी दोन्ही पदरांवरचे बाण एकाच दिशेने छापलेले होते. अशा डीएनएवर कोणते कडे कोठे बसवायचे हे मुलांना तर्काने ठरवता येत नाही, आणि मग ती पाठ करतात. तक्रार केल्यावर नारिंगी पदर नव्याने छापून आठ दिवसांत घरपोच मिळाला, पैसे घेतले नाहीत. नवीन संचात बाण बरोबर आहेत, हे मी कार्यशाळेत जाऊन पाहिले आहे. तरीही घेणाऱ्याने पेटी उघडताच आधी बाण तपासावेत.

आता त्या गोष्टीकडे येते, जिला कार्यशाळा दोष मानते आणि मी संचाचा सर्वांत मोठा गुण मानते. मूठ साधारण तीन फेरे सहज फिरते, चौथ्याला जड होते आणि पाचव्याला अडते. जोर लावला तर पुढचा दुपदरी भाग वेडावाकडा होऊन स्वतःभोवतीच गुंडाळला जातो. मालकांनी ओशाळून सांगितले की पुढच्या आवृत्तीत चिमट्याच्या जागी फिरती बेअरिंग बसवणार आहोत, मग असे होणार नाही. मी त्यांना हात जोडून विनंती केली की असे करू नका. खुंट्या आणि चिमटा दोन्ही टोके धरून असल्यामुळे कडे मागे जेवढे वेढे उकलते तेवढा पीळ पुढच्या उरलेल्या भागात कोंबला जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण माणसांच्या हट्टाविषयी म्हणतो; डीएनएच्या बाबतीत ते हिशेबाने खरे आहे. पदर तुटल्याशिवाय वेढ्यांची संख्या बदलूच शकत नाही. एसव्ही-४० या माकडांच्या विषाणूचा जीनोम ५,२४३ जोड्यांचा आणि वर्तुळाकार आहे. साडेदहाने भागले तर सुमारे पाचशे वेढे होतात, आणि वर्तुळाला मोकळे टोक नसल्यामुळे पीळ सोडवायला जागाच नसते. त्याचे हेलिकेज, म्हणजे लार्ज टी अँटिजेन, कितीही जोमाने चालले तरी यजमान पेशीचे टोपोआयसोमरेज पुढे जाऊन पदर क्षणभर कापून, पीळ सोडून पुन्हा जोडणार नसेल, तर त्याला फार दूर जाता येणार नाही. कात्रीची उपमा द्यायचीच असेल तर ती या दुसऱ्या प्रथिनाला द्यावी, तीही पुन्हा शिवणारी कात्री म्हणून.

तेव्हा मी सुचवले ते असे, की चिमटा आहे तसाच ठेवावा आणि बेअरिंग वेगळा सुटा भाग म्हणून वेगळ्या रंगात, ‘टोपोआयसोमरेज’ असे नाव घालून द्यावी. मुलांनी आधी मूठ अडेपर्यंत फिरवावी, मग बेअरिंग लावावी. मूठ अडल्याशिवाय टोपोआयसोमरेज नावाचे प्रकरण अभ्यासक्रमात का आहे हे कळत नाही; माझ्या पिढीला तरी ते परीक्षा होऊन गेल्यावर कळले.

लोहचुंबकांविषयी थोडेच लिहिते. सर्व जोड्यांना एकाच ताकदीचे चुंबक आहेत. ए-टी जोडीत दोन आणि जी-सी जोडीत तीन हायड्रोजन बंध असतात, आणि जी-सीची गर्दी असलेल्या भागात टी-७ चे कडे एकटे असेल तर मंदावते. ते येथे जाणवत नाही. शिवाय दुपदरी डीएनएची मजबुती मोठ्या प्रमाणात एकावर एक रचलेल्या जोड्यांच्या थरांमुळे येते, तेही येथे नाही. या किमतीत तशी अपेक्षा करणे रास्त नाही, आणि शिक्षकाने तोंडाने सांगितले तरी भागते. याहून मोठी उणीव अशी की सोबत पॉलिमरेज दिलेले नाही. जीपी-४ एकटे बरेच सावकाश चालते. मागोमाग नवा पदर लिहीत येणारे टी-७ चे पॉलिमरेज सोबत असले की दोघांचाही वेग वाढतो, कारण सुटलेले पदर पुन्हा मिटायला वाव मिळत नाही. एक साधा अडसर जरी छापून दिला असता, तरी हे दाखवता आले असते.

माहितीपुस्तिका ही या संचाची सर्वांत कच्ची बाजू आहे. ती इंग्रजी आणि गुजरातीत आहे. मराठी नाही, याबद्दल माझी तक्रार नाही, मुलांसाठी मी स्वतः दोन पाने लिहून काढली. तक्रार मजकुराविषयी आहे. पहिल्याच पानावर हेलिकेज डीएनए ‘कापते’ असे छापले आहे, म्हणजे प्रतिरूपाने चार फेऱ्यांत जी कात्री घालवली ती पुस्तिका एका क्रियापदाने परत आणते. तिसऱ्या पानावर ई-१ मुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो असे सूचित केले आहे. मानवी पॅपिलोमाविषाणूच्या धोकादायक प्रकारांत हे काम मुख्यतः ई-६ आणि ई-७ या प्रथिनांचे आहे. ई-१ चे काम विषाणूच्या डीएनएच्या प्रती काढण्याचे, आणि लस तर या तिघांपैकी कोणावरही नसून बाहेरच्या कवचाच्या एल-१ प्रथिनावर आधारलेली आहे. शिकणाऱ्या मुलांच्या हाती असे पान देणे बरे नव्हे, म्हणून मी ते चक्क फाडून टाकले. याउलट, विषाणू स्वतःचे काय आणतो आणि पेशीकडून काय उसने घेतो यावरचा उतारा चांगला आहे. एसव्ही-४० स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढण्यासाठी लार्ज टी अँटिजेन हे एकच प्रथिन आणतो आणि बाकी सगळे यजमानाच्या घरचे वापरतो. टी-७ पॉलिमरेज, हेलिकेज स्वतःचे आणतो, तरी पॉलिमरेजला पदर धरून ठेवायला मदत करणारे थायोरेडॉक्सिन मात्र ई. कोलाय या यजमान जीवाणूकडून घेतो. नागीण आणि तत्सम विकार करणाऱ्या हर्पीस कुळातल्या विषाणूंच्या हेलिकेज-प्रायमेज जोडीला रोखणारे अमेनामेविर हे औषध जपानमध्ये २०१७ मध्ये नागिणीसाठी मान्य झाले, ही नोंदही अचूक आहे. मुलांना या नोंदीचा उपयोग झाला, कारण ॲसायक्लोव्हिर हे याच विषाणूंवरचे औषध त्यांना ठाऊक होते आणि ते पॉलिमरेजवर काम करते हेही ठाऊक होते. हेलिकेजलाच अडवता येते ही कल्पना त्यांना नवी होती.

सेवेविषयी सांगायचे तर संच ठरल्या तारखेपेक्षा बारा दिवसांनी मिळाला आणि त्या काळात तीन वेळा ‘उद्या नक्की’ असे ऐकावे लागले. आल्यावर पिवळ्या कड्याचे एक बोट दुसऱ्याच तासाला मोडले, तेही विनामूल्य बदलून मिळाले. आता सोबत दोन जादा बोटे देण्याची पद्धत त्यांनी सुरू केली आहे, ती स्तुत्य आहे. एक नुकसान मात्र माझ्या हातून झाले. मे महिन्यात खंडेराव मार्केटजवळ गाडी उन्हात लावून मी संच मागच्या काचेपाशी ठेवला आणि भाजी घेऊन परत आले, तोवर निळ्या पदराच्या कड्या वाकून बसल्या होत्या. हे प्लास्टिक पीएलए प्रकारचे आहे आणि ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते; बंद गाडीत बडोद्याच्या उन्हाने एवढे होणे अवघड नाही. पेटीवर तशी सूचना हवी, परंतु ती नसली तरी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढे कळायला हवे होते. त्या पदराचे साडेचारशे रुपये मी निमूटपणे भरले.

एक प्रश्न शेवटी राहतो, आणि तो मुलांनीच काढला. कडे बंद आहे, तर ते पदरावर चढते कोठून? संचात ते शेपटीच्या टोकातून मण्यासारखे ओवायचे असते. हे खरे चित्र नाही. टी-७ चा डीएनए सरळ आहे हे खरे, पण त्याची प्रत काढणे डाव्या टोकापासून सुमारे १५ टक्के अंतरावर, म्हणजे आत, सुरू होते. आणि पॅपिलोमा व एसव्ही-४० च्या वर्तुळांना तर टोकच नाही. ई-१ चे घटक ई-२ या दुसऱ्या विषाणू-प्रथिनाच्या मदतीने उगमस्थानी एकेक करून जमतात आणि डीएनएभोवतीच कडे रचतात. जीपी-४ चे कडे मात्र एका सांध्यापाशी उघडून पदर आत घेऊ शकते. पिवळ्या कड्याचे सहा घटक सुटे होतात, त्यामुळे ते पदराभोवती जुळवता येते, फक्त पुस्तिकेत तसे करायला सांगितलेले नाही. हिरवे कडे मात्र अखंड छापलेले आहे.

म्हणून मी एका दुपारी करवतीचे पाते घेऊन ते हिरवे कडे एका सांध्यावर कापले आणि दोन्ही कडांना छोटे चुंबक चिकटवले. आता ते बोटांनी जरासे फाकवले की पदराच्या मधोमध बसते आणि ‘टक्’ असा आवाज करून मिटते. शिवाय कापल्यामुळे एक टोक किंचित वर उचलले गेले आहे, तेव्हा वॉशरचा आकारही थोडाफार आपसूक आला. मालकांना ते दाखवले, तेव्हा त्यांनी माप घेण्यासाठी दोन दिवस मागितले. या गोष्टीला तीन आठवडे झाले. कडे अजून त्यांच्या त्याच खणात आहे, आणि टी-७ चा तास मी दुसऱ्यांदा पुढे ढकलला आहे.